कॅरॅव्हॅनमधील गरम पाण्याची दुर्गंधी

कॅरॅव्हॅनमधील गरम पाण्याची दुर्गंधी ही मोटरहोम, मोटारीमागे ओढली जाणारी कॅरॅव्हॅन व तत्सम निवासी वाहनांच्या गिझरमध्ये उद्भवणारी समस्या आहे. गरम पाण्याचा नळ उघडताच सडलेल्या अंड्यांसारखा वास येणे हे तिचे मुख्य लक्षण होय. हा वास हायड्रोजन सल्फाइड या वायूचा असतो. पाण्यातील सल्फेट, त्यावर जगणारे जीवाणू आणि टाकीला गंजापासून वाचवणारी धातूची कांडी या तिन्हींच्या एकत्र येण्यातून हा वायू तयार होतो. टाकी धुणे, क्लोरीनने निर्जंतुक करणे आणि गरज पडल्यास कांडीचा धातू बदलणे हे तिचे उपाय आहेत. कांडी कायमची काढून टाकल्यानेही वास कमी होतो. मात्र त्यामुळे पोलादी टाकी गंजून निकामी होते.

पार्श्वभूमी

उत्तर अमेरिकेतील निवासी वाहनांमध्ये साधारणतः ६ किंवा १० अमेरिकन गॅलन, म्हणजे सुमारे २३ किंवा ३८ लिटर क्षमतेचा गिझर बसवलेला असतो. तो प्रोपेन वायूवर, विजेवर किंवा दोन्हींवर चालतो. या गिझरच्या टाक्या मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारात पोलादी टाकीला आतून चिनी मातीसारखा काचेरी मुलामा दिलेला असतो. मुलाम्याला सूक्ष्म तडे गेल्यास पोलाद उघडे पडून गंजते, म्हणून अशा टाकीत मॅग्नेशियमची कांडी बसवतात. तिला ॲनोड रॉड म्हणतात. सबर्बन या कंपनीचे गिझर या प्रकारचे आहेत. दुसऱ्या प्रकारात टाकीच्या आतील पृष्ठभाग ॲल्युमिनियमचा असतो व तिला वेगळी कांडी लागत नाही. ॲटवुड या नावाने विकले गेलेले गिझर या प्रकारात मोडतात.

कारणे

जीवाणू

सल्फेट-क्षपणक जीवाणू ऑक्सिजनविरहित जागी वाढतात व श्वसनासाठी ऑक्सिजनऐवजी सल्फेट वापरतात. या प्रक्रियेत सल्फेटचे रूपांतर हायड्रोजन सल्फाइडमध्ये होते. डच सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ मार्टिनुस बाइयेरिंक यांनी १८९५ मध्ये हे जीवाणू प्रथम वेगळे केले. विहिरींच्या व कूपनलिकांच्या पाण्यात सल्फेट आणि हे जीवाणू दोन्ही आढळू शकतात. प्रवासात ठिकठिकाणच्या तळांवर पाणी भरले जात असल्याने वाहनाच्या टाकीत ते सहज शिरतात. सार्वजनिक पुरवठ्याच्या पाण्यातील क्लोरीन त्यांना रोखते. परंतु पाणी साठून राहिले व तापले की क्लोरीनचे प्रमाण घटत जाते.

धातूची कांडी

मॅग्नेशियम हा लोखंडापेक्षा अधिक क्रियाशील धातू आहे. दोन्ही धातू एकाच पाण्यात परस्परांना जोडलेले असल्यास मॅग्नेशियम आधी झिजते व लोखंड सुरक्षित राहते. या पद्धतीला ऋणाग्री संरक्षण म्हणतात. मॅग्नेशियम झिजताना पाण्यातून हायड्रोजन मुक्त होतो. अनेक सल्फेट-क्षपणक जीवाणू हा हायड्रोजन ऊर्जास्रोत म्हणून वापरतात. म्हणजेच टाकीचे रक्षण करणारी कांडी जीवाणूंना खाद्यही पुरवते. थंड पाण्याला वास नसताना केवळ गरम पाण्याला वास येतो, त्याचे कारण बहुधा हेच असते.

संरक्षणाचा असा जैविक दुष्परिणाम या पद्धतीच्या उगमापासून ज्ञात आहे. हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये ब्रिटिश नौदलाच्या जहाजांच्या तळाला असलेला तांब्याचा पत्रा लोखंड व जस्ताचे तुकडे जोडून झिजण्यापासून वाचवला. मात्र तांबे पाण्यात विरघळणे थांबल्यामुळे त्याचा विषारी प्रभावही नाहीसा झाला आणि तळावर सागरी वनस्पती व शिंपले वाढू लागले.

वापरातील खंड

घरातील गिझरचे पाणी रोज बदलते. वाहनातील गिझर मात्र अनेक आठवडे न वापरता राहतो. साठलेले कोमट पाणी आणि तळाशी जमलेला गाळ जीवाणूंच्या वाढीस पोषक ठरतात.

निदान

उपायापूर्वी वासाचे मूळ शोधणे आवश्यक असते. केवळ गरम पाण्याला वास येत असल्यास दोष गिझरमध्ये असतो. थंड व गरम अशा दोन्ही पाण्याला वास येत असल्यास पिण्याच्या पाण्याची टाकी किंवा मूळ पाणीपुरवठा तपासावा लागतो. वास एकाच मोरीजवळ येत असल्यास तो सांडपाण्याच्या टाकीतील असू शकतो. मोरीखालच्या नळीच्या वळणात राहणारे पाणी आटल्यास तो वायू आत येतो. खात्री करण्यासाठी पेल्यात पाणी घेऊन मोरीपासून दूर नेऊन हुंगले जाते.

उपाय

टाकी रिकामी करणे व धुणे

प्रथम गिझरचा वायू व वीजपुरवठा बंद करून पाणी पूर्ण थंड होऊ दिले जाते. त्यानंतर पाण्याचा पंप व बाहेरील पुरवठा बंद करतात आणि गरम पाण्याचा नळ उघडून टाकीतील दाब घालवतात. मगच तळाचे बूच काढतात. पोलादी टाकीत कांडी सहसा या बुचालाच जोडलेली असते, त्यामुळे तिची तपासणीही याच वेळी होते. जोरदार धारेने आतील गाळ व पांढरे क्षार धुऊन काढतात. वास सौम्य असल्यास एवढ्याने तो जाऊ शकतो.

निर्जंतुकीकरण

यासाठी सुगंधविरहित घरगुती ब्लीच वापरतात. पिण्याच्या टाकीच्या दर १५ गॅलन (सुमारे ५७ लिटर) क्षमतेमागे पाव कप, म्हणजे सुमारे ६० मिलिलिटर ब्लीच पाण्यात मिसळून टाकीत ओततात व टाकी भरतात. पाणी गाळण्याचे फिल्टर आधी काढून ठेवतात. गिझरला वगळून पाणी फिरवणारी झडप लावलेली असल्यास ती पूर्ववत केली जाते. अन्यथा क्लोरीन गिझरपर्यंत पोहोचत नाही आणि वास कायम राहतो. पंप चालू करून प्रत्येक थंड व गरम नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत उघडतात. गिझर न तापवता हे पाणी सुमारे चार तास ठेवून नंतर सर्व यंत्रणा स्वच्छ पाण्याने धुतात. क्लोरीन जीवाणू मारतो, तसेच शिल्लक सल्फाइडचे ऑक्सिडीकरणही करतो.

कांडी बदलणे

निर्जंतुकीकरणानंतर काही दिवसांत वास परतल्यास मॅग्नेशियमऐवजी ॲल्युमिनियम-जस्त मिश्रधातूची कांडी बसवतात. ती कमी क्रियाशील असल्याने हायड्रोजन कमी निर्माण होतो. ॲल्युमिनियमच्या टाकीला हा उपाय लागू नाही. तिच्यावर धुणे व निर्जंतुकीकरण हेच उपाय आहेत.

कांडी काढून टाकण्याचे परिणाम

कांडीच्या जागी साधे बूच बसवल्यास वास थांबू शकतो. परंतु मुलाम्याच्या तड्यांमधून पोलाद गंजू लागते आणि कालांतराने टाकी गळते. गळलेल्या टाकीची दुरुस्ती सहसा शक्य नसते व पूर्ण टाकी बदलावी लागते. झिजणे हेच कांडीचे कार्य असल्याने बरीचशी झिजलेली कांडी हा दोष नसून ती बदलण्याची वेळ झाल्याचे लक्षण असते. ती वर्षातून किमान एकदा तपासली जाते.

सुरक्षितता

जागतिक आरोग्य संघटनेनुसार पाण्यातील हायड्रोजन सल्फाइडचा वास व चव प्रतिलिटर ०.०५ ते ०.१ मिलिग्रॅम इतक्या अल्प प्रमाणातही जाणवते. त्यामुळे वास येणे म्हणजे विषबाधेचे प्रमाण गाठणे नव्हे. प्रत्यक्ष धोके अन्य आहेत:

• ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र केल्यास विषारी क्लोरीन वायू निर्माण होतो. क्षार काढण्यासाठी व्हिनेगर वापरल्यास टाकी पूर्ण धुतल्यावरच ब्लीच वापरावे लागते.
• दोन आठवडे किंवा अधिक काळ न वापरलेल्या गिझरमध्ये ज्वालाग्राही हायड्रोजन साठू शकतो. अशा वेळी विजेची उपकरणे किंवा ज्योत पेटवण्यापूर्वी गरम पाण्याचा नळ काही मिनिटे उघडा ठेवण्याची सूचना उत्पादक देतात.
• रिकाम्या टाकीत विजेचा तापक चालू केल्यास तो जळतो.
• गरम टाकीचे बूच काढल्यास दाबाखालील पाणी अंगावर उडून भाजते.

प्रतिबंध

सहलीनंतर गिझर रिकामा करून ठेवणे हा सर्वांत सोपा प्रतिबंधक उपाय आहे. जीवाणू कोमट पाण्यात वाढतात, तर ६० अंश सेल्सिअसहून अधिक तापमानात सहसा नष्ट होतात. मात्र वाहनातील अनेक गिझरचे तापमान वाढवता येत नाही आणि इतके तप्त पाणी त्वचेवर पडल्यास काही सेकंदांत भाजते. म्हणून वाहनांमध्ये नियमित निचरा व निर्जंतुकीकरणावरच भर दिला जातो. भारतातील काचेरी मुलाम्याच्या साठवणी गिझरमध्येही मॅग्नेशियमची कांडी असते. कूपनलिकेचे पाणी वापरणाऱ्या घरांत अशीच दुर्गंधी आल्यास कारणमीमांसा तीच लागू होते.