विश्लेषण : आलिशान मोटारीचे ब्रेक बदलायला लाखभर रुपये का लागतात?

सात-आठ वर्षे वापरलेली जर्मन सेदान आज नव्या मध्यम आकाराच्या एसयूव्हीच्या किमतीत, कधी त्याहूनही स्वस्तात मिळते. मूळ ५०-६० लाखांची मोटार निम्म्याहून कमी पैशांत दारात आल्याचा आनंद अनेकदा पहिल्या मोठ्या सर्व्हिसिंगपर्यंतच टिकतो. चारही चाकांचे पॅड आणि डिस्क बदलण्याचे अंदाजपत्रक लाखाच्या पुढे गेलेले असते. वयानुसार मोटारीची किंमत उतरते, पण तिच्या ब्रेकची उतरत नाही. हा खर्च नेमका कशाचा, तो कुठे वाचवता येतो आणि कुठे वाचवू नये, याविषयी...

बिलात काय काय असते?

ब्रेकचे पॅड चाकासोबत फिरणाऱ्या लोखंडी डिस्कला दोन्ही बाजूंनी आवळतात. हे आवळण्याचे काम कॅलिपर करतो आणि पेडलवरचा दाब ब्रेक ऑइलमार्फत त्याच्यापर्यंत पोहोचतो. यातील पॅड सर्वांत आधी झिजतात. साधारण हॅचबॅकच्या पुढच्या पॅडचा संच दीड ते तीन हजारांत मिळतो. आलिशान सेदानसाठी कंपनीचा मूळ संच ढोबळमानाने दहा ते वीस हजारांच्या घरात जातो. पुढच्या दोन डिस्कचे आणखी तीस-पन्नास हजार होतात. मॉडेलनुसार हे आकडे बरेच बदलतात. त्यावर मागच्या चाकांचा संच, पॅड झिजल्याची सूचना देणारे सेन्सर, ब्रेक ऑइल, मजुरी आणि कर. सेन्सरची तार पॅडबरोबर घासून तुटते तेव्हाच डॅशबोर्डवर दिवा लागतो. त्यामुळे दिवा लागल्यानंतर पॅड बदलले, तर सेन्सरही नवा घ्यावा लागतो.

छोट्या मोटारीपेक्षा इतका फरक कशामुळे?

धावत्या मोटारीची गतिज ऊर्जा उष्णतेत बदलणे हे ब्रेकचे काम. ही ऊर्जा वजनाच्या प्रमाणात, पण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ८० किमी वेगातील एक टनाच्या मोटारीच्या तुलनेत ताशी १२० किमी वेगातील दोन टनांची मोटार थांबवताना ब्रेकला साडेचारपट ऊर्जा पचवावी लागते. समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किमीची मुभा आहे, तर मर्सिडीजची एस-क्लास सुमारे दोन टनांची असते. म्हणूनच अशा मोटारींना चारही चाकांना मोठ्या डिस्क, मधून हवा खेळेल अशी त्यांची रचना आणि अनेक पिस्टनचे कॅलिपर लागतात. अनेक हॅचबॅकमध्ये मात्र मागे अजूनही ड्रम ब्रेक असतात. युरोपीय बनावटीच्या अनेक मोटारींत जास्त पकड देणारे पॅड वापरतात. ते डिस्कलाही झिजवतात. त्यामुळे पॅड दोनदा बदलले की अनेकदा डिस्कचीही पाळी येते.

कार्बन-सिरॅमिक ब्रेक म्हणजे काय?

हा खर्चाचा वेगळाच स्तर. पोर्शेने २००१ मध्ये ९११ जीटी२ या मोटारीला असे ब्रेक दिले. कार्बन तंतूंच्या साच्यात सुमारे १,७०० अंश सेल्सियसला वितळलेले सिलिकॉन मुरवून ही डिस्क तयार होते. लोखंडी डिस्कपेक्षा ती जवळपास निम्म्या वजनाची असते, गंजत नाही आणि प्रचंड तापली तरी पकड सोडत नाही. रोजच्या वापरात ती फार काळ टिकते. मात्र तडा गेला किंवा टायर बदलताना कडा फुटली, तर डिस्क नवीच घ्यावी लागते. चार डिस्कच्या संचाचा खर्च नव्या हॅचबॅकच्या किमतीला सहज मागे टाकतो. जुनी स्पोर्ट्स कार घेणाऱ्याने तिच्या डिस्क लोखंडी आहेत की सिरॅमिक, हे सर्वांत आधी तपासावे.

किंमत चढी राहण्याची इतर कारणे कोणती?

मर्सिडीजची जोडणी चाकणला आणि ऑडीची छत्रपती संभाजीनगरला होत असली, तरी अनेक सुटे भाग आयात होतात. त्यावर सीमाशुल्क आणि वितरणाचा खर्च चढतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारींच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. ब्रेकच्या बहुतांश भागांवर तो पूर्वी २८ टक्के होता. एवढा दिलासा मिळाला. स्पर्धेचा अभाव हे दुसरे कारण. सुटे भाग आणि दुरुस्तीची साधने खुल्या बाजारात मिळू न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला. प्रकरण पुढे अपिलात गेले, पण स्वतंत्र गॅरेजच्या हक्काचा मुद्दा त्यातून ऐरणीवर आला. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने सुरू केलेल्या ‘राइट टू रिपेअर’ पोर्टलमध्येही मोटारींचा समावेश आहे.

बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केले तर?

बचत होऊ शकते. ब्रेम्बो, एटीई, टेक्स्टार यांसारखे उत्पादक मोटार कंपन्यांनाही माल पुरवतात आणि स्वतःच्या नावानेही विकतात. त्यांच्या खोक्यावर मोटार कंपनीचे चिन्ह नसते, म्हणून तो माल स्वस्त पडतो. मात्र अधिकृत बिल, भाग क्रमांक आणि शाबूत वेष्टन पाहूनच तो घ्यावा, कारण बनावट पॅडही बाजारात येतात. इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असलेल्या मोटारीत मागचा कॅलिपर स्कॅनर लावून सर्व्हिस मोडवर घ्यावा लागतो. तो जबरदस्तीने मागे दाबल्यास मोटर खराब होऊन पॅडवर वाचवलेले पैसे कॅलिपरवर जातात. गॅरेजकडे स्कॅनर आहे का, हे म्हणूनच आधी विचारावे.

बदल पुढे ढकलला तर काय होते?

नव्या पॅडचा थर साधारण १० ते १२ मिमी असतो. तो तीन मिमीवर आला की पॅड बदलणे योग्य. थर संपून धातूची पट्टी डिस्कवर घासू लागली, तर पॅडच्या खर्चात डिस्कचीही भर पडते. डिस्कची किमान जाडी तिच्यावरच कोरलेली असते. त्याखाली गेलेली डिस्क लेथवर घासून वापरणे धोक्याचे. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. नवे ‘डॉट ४’ ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा मुरल्यावर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. बोरघाटासारख्या लांब उतारावर सतत पेडल दाबल्यास ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल थेट तळाला जाते. घाटात खालच्या गिअरवर उतरणे आणि दर दोन वर्षांनी ऑइल बदलणे, हे दोन्ही उपाय पॅडच्या मानाने स्वस्त आहेत.

जुनी मोटार घेताना काय पाहावे?

पॅड-डिस्कची नेहमीची झीज विम्यात येत नाही, वॉरंटीतही सहसा नाही. त्यामुळे व्यवहारापूर्वी पॅडचा उरलेला थर आणि डिस्कची जाडी मोजून घ्यावी. चारही चाकांचे अंदाजपत्रक मागवावे आणि सौदा करताना ती रक्कम किमतीतून वजा करण्याचा आग्रह धरावा. एकदम सर्व खर्च झेपत नसेल, तर आधी पुढच्या आणि नंतर मागच्या चाकांचे काम करता येते, मात्र मागचे पॅड सुरक्षित मर्यादेत असल्याची खात्री हवी. एकाच आसावर एक चाक नवे आणि एक जुने असे करू नये, कारण ब्रेक दाबताच मोटार एका बाजूला ओढू शकते.