दगडांतील जीव आणि त्यांची मालकी
[नभोवाणीवरील भाषण]



कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या डहाणू तालुक्यांतील आगर गांवचा एक विद्यार्थी समुद्रकांठाहून एक दगड घेऊन मजकडे आला. वाळू व शिंपल्यांचे तुकडे एकजीव होऊन तो दगड बनला होता. कोंकण किनाऱ्यावर अशा दगडास करळ म्हणतात. "गुरुजी, हा मी घरीं ठेवला तर चालेल ना?" असें त्यानें विचारलें, आणि मीं तत्काळ "खुशाल ठेव" म्हणून सांगितलें. पुढें माझ्या ध्यानांत आलें कीं, तो दगड मुळांत कोणाचा, हें मीं स्वतःस कधीं विचारलेंच नव्हतें. तोच प्रश्न आज आपणांपुढें मांडणार आहें.

पुरातन काळच्या प्राण्यांचे वा वनस्पतींचे अवशेष, किंवा त्यांच्या खुणा, खडकांत टिकून राहिल्या म्हणजे त्यांस जीवाश्म म्हणतात. करळांतील शिंपले भूशास्त्राच्या मापानें अगदीं कालपरवांचे. आमच्या बाजूचा काळा पाषाण मात्र सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वींच्या लाव्हारसाचा आहे. तप्त रसांत जीवाचा मागमूस राहत नाहीं. परंतु एक थर निवल्यावर दुसरा येईपर्यंत मध्यंतरीं जीं तळीं सांचलीं, त्यांच्या गाळांत जीवाश्म सांपडतात. मुंबईंत वरळी येथें अशाच गाळांत चिमुकल्या बेडकांचे सांगाडे मिळाले, व १८४७ सालीं लंडन येथें रिचर्ड ओवेन यांनीं त्यांचें शास्त्रीय वर्णन केलें.

असा एखादा दगड कोणीं उचलून नेला तर बिघडलें काय, असें कोणी म्हणेल. त्याचें उत्तर चंद्रपूर जिल्ह्यांतील पिसदुरा या गांवीं मिळतें. वरोऱ्याजवळील या गांवाच्या शिवारांत डायनोसॉर नामक महाकाय प्राण्यांचीं हाडें आणि त्यांची दगड बनलेली विष्ठा सांपडते. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनीं एकोणिसाव्या शतकांतच तेथील अवशेष गोळा केले होते. या विष्ठेंत गवताचे सूक्ष्म वालुकामय कण असल्याचें शास्त्रज्ञांनीं २००५ सालीं प्रसिद्ध केलें. गवताचा प्रसार डायनोसॉरांच्या अस्तानंतरचा, ही पूर्वींची समजूत त्यामुळें बदलावी लागली. पाहण्यासही ओंगळ असा हा दगड. परंतु तो कोणत्या गांवचा व कोणत्या थरांतला हें ठाऊक होतें, म्हणूनच तो बोलला. मीं ज्या शाळेंत शिकविलें तेथें मुलांनीं आणलेल्या दगडांनीं एक कपाट भरलें होतें. त्यांवर ना गांवाचें नांव, ना तारीख. ते सर्व दगड आज मुके आहेत, आणि त्या अपराधांत माझाही वांटा आहे.

आतां कायद्याकडे वळूं. केवळ जीवाश्मांसाठीं केलेला असा स्वतंत्र केंद्रीय कायदा आपल्याकडे नाहीं. १८७८ चा निखात निधीचा कायदा भूमींत दडलेल्या धनाविषयींचा आहे. दहा रुपयांहून अधिक मोलाचें धन सांपडल्यास कलेक्टरास वर्दी द्यावी, असें तो सांगतो. १९७२ चा पुराणवस्तूंचा कायदा नाणीं, मूर्ति, हस्तलिखितें इत्यादि वस्तूंचा विचार करतो. त्याच्या व्याख्येंत जीवाश्मांचें नांव नाहीं. ही उणीव भरून काढण्याकरितां केंद्राच्या खाण मंत्रालयानें २०२२ सालीं भूवारसास्थळें व भूअवशेष यांच्या संरक्षणाचा एक मसुदा प्रसिद्ध केला, व त्यांत जीवाश्मांचा स्पष्ट उल्लेख केला. परंतु मसुदा म्हणजे कायदा नव्हे.

यावरून, जें कायद्यांत लिहिलें नाहीं तें मोकळें, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो फसेल. वस्तूचें नांव कायद्यांत नसलें तरी जागेचा धनी ठरलेला असतो. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणें भरतीरेषेखालील समुद्राचा व खाड्यांचा तळ, नदीनाल्यांचीं पात्रें आणि ज्यांस दुसरा धनी नाहीं अशा जमिनी राज्य सरकारच्या मालकीच्या आहेत. त्याच संहितेंत परवान्यावांचून खनिज काढल्यास दंड सांगितला आहे. डहाणू-तलासरीकडे रानही विस्तीर्ण. १९२७ च्या वन कायद्यानें वनांतील खडक व खनिजें हीं वनोपज ठरविलीं असून राखीव वनांतून तीं परवानगीवांचून नेणें हा गुन्हा आहे. अभयारण्यांत निर्बंध याहून कडक आहेत. तात्पर्य, सार्वजनिक जमीन म्हणजे बेवारशी जमीन नव्हे.

वाळूंतला शिंपला उचलणाऱ्या पोरास कोणी कचेरींत ओढीत नाहीं, हें खरें. परंतु कुदळ घेऊन खडक फोडणें आणि सांपडलेलें विकणें ही गोष्ट निराळी. अमेरिकेंत २००९ च्या कायद्यानें हाच विवेक केला आहे. तेथें कांहीं सरकारी जमिनींवर सामान्य शिंपले व वनस्पति यांचे जीवाश्म स्वतःच्या हौसेपुरते थोडे घेतां येतात. पाठीच्या कण्याच्या प्राण्यांच्या अवशेषांस मात्र परवाना लागतो. आपल्याकडेही अशी स्पष्ट रेषा आंखली जाणें इष्ट आहे.

मात्र कायदा करतांना गांवकऱ्यास चोर समजूं नये. मध्यप्रदेशांत धार जिल्ह्यांतील पाडल्या येथें लोक पिढ्यान्‌पिढ्या कांहीं गोल दगडांस कुलदैवत मानून पुजीत होते. तीं डायनोसॉरांचीं अंडीं असल्याचें २०२३ सालीं उजेडांत आलें. शास्त्रज्ञ पोंचण्यापूर्वीं तीं जपलीं तीं या लोकांनींच.

मग सांपडल्यास काय करावें? दगड फोडूं नये, शक्यतों हलवूं नये. शेजारीं पट्टी वा नाणें ठेवून त्याचें छायाचित्र घ्यावें. गांव, दिनांक, ओढा किंवा विहीर अशी जवळची खूण, व थराची खोली हीं टिपून ठेवावीं. वनांत असल्यास वनाधिकाऱ्यांस, इतरत्र तहसीलदारांस कळवावें. १८५१ सालीं स्थापन झालेल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचें मध्य विभागाचें कार्यालय नागपुरांत आहे; तेथें अथवा जवळच्या महाविद्यालयांतील भूशास्त्राच्या अध्यापकांस पत्र लिहावें.

तो विद्यार्थी आज पुन्हा तोच प्रश्न घेऊन आला, तर मी त्यास म्हणेन, "बाळ, दगड राहूं दे जेथला तेथें. वही काढ, आणि आधीं जागा लिहून घे." दगड आपल्या घरांत नसला म्हणून तो आपला नाहीं असें थोडेंच आहे? तो सर्वांचा आहे, आणि म्हणूनच आपलाही.