दंतरोपणाभोवतीचा जंतुसंसर्ग आणि प्रकाशोपचार

पडलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवून त्यावर कृत्रिम दात चढविण्याच्या पद्धतीस दंतरोपण, अर्थात ‘डेंटल इम्प्लांट’ असे म्हणतात. स्वीडनमधील संशोधक पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी 1965 मध्ये गोथेनबर्ग येथे पहिल्या रुग्णावर हा प्रयोग केला. टायटॅनियमचा हाडाशी घट्ट सांधा जुळतो, हे या पद्धतीचे बळ होय. मात्र धातूला कीड लागत नसली, तरी त्याच्या भोवतीच्या हिरडीला आणि हाडाला संसर्ग होऊ शकतो.

नैसर्गिक दात हाडाशी सूक्ष्म तंतूंनी जोडलेला असतो आणि हिरडीचे तंतू दाताच्या मुळात रुतलेले असतात. रोपणाच्या बाबतीत हे तंतू धातूला केवळ समांतर धावतात. त्यामुळे जिवाणूंचा चिकट थर हिरडीखाली उतरला की त्याला अडविणारी भिंत दुबळी ठरते. सूज हिरडीपुरती असेतो योग्य स्वच्छतेने ती ओसरते. हाड झिजू लागले की त्या अवस्थेस ‘पेरी-इम्प्लांटायटिस’ म्हणतात. या अवस्थेत पुष्कळदा वेदना होत नाहीत, आणि म्हणूनच रुग्ण उशिरा येतो. ब्रश करताना रक्त येणे किंवा हिरडी दाबल्यास पू दिसणे, ही दुर्लक्ष न करण्याजोगी लक्षणे आहेत.

या संसर्गावर आता काही दवाखान्यांतून ‘फोटोडायनॅमिक’ उपचार सुचविला जातो. त्याचे मूळ जुने आहे. म्युनिक येथे हेरमान फॉन टापायनर यांचे विद्यार्थी ऑस्कर राब यांना असे आढळले की, ॲक्रिडीन या रंगद्रव्यात ठेवलेले पॅरामेशियम हे एकपेशीय जीव उजेडात मरतात, अंधारात मात्र तग धरतात. हे निष्कर्ष 1900 मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे कर्करोगावरील उपचारांत या तत्त्वाचा उपयोग झाला. प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणू वाढू लागल्यावर संसर्गाच्या संदर्भातही त्याकडे नव्याने लक्ष गेले.

उपचाराची रीत अशी. प्रथम रोपणाभोवतीचा थर व किटण उपकरणांनी खरवडून काढले जाते. नंतर हिरडीच्या कप्प्यात मिथिलीन ब्लूसारखे निळे रंगद्रव्य सोडतात. रॉबर्ट कॉख यांनी 1882 मध्ये क्षयाचे जंतू रंगवून दाखविताना वापरले, ते हेच. काही मिनिटांनी जादा रंग धुऊन सुमारे 660 नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा प्रकाश बारीक तंतूतून आत सोडला जातो. प्रकाशाची ऊर्जा रंगद्रव्य शोषून घेते आणि ती जवळच्या ऑक्सिजनला देते. त्यातून निर्माण होणारा अतिक्रियाशील ऑक्सिजन जिवाणूंचे आवरण व प्रथिने नष्ट करतो. रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही त्या वेळी संरक्षक चष्मा लावावा लागतो.

या ऑक्सिजनचे पाण्यातील आयुष्य सेकंदाच्या काही दशलक्षांश भागाइतकेच असते. तो जिथे तयार होतो तिथेच काम करतो. आसपासच्या निरोगी पेशींना त्यामुळे फारसा धोका पोहोचत नाही, ही जमेची बाजू. पण जिथे रंग किंवा प्रकाश पोहोचला नाही, तिथे काहीच घडत नाही. रोपणाचा पृष्ठभाग खडबडीत आणि आट्यांचा असतो. जिवाणूंचा थर जाड राहिला, तर रंग तळापर्यंत मुरत नाही. म्हणूनच खरवडणे टाळून नुसता प्रकाश देणे निरर्थक ठरते.

परिणाम किती, याचे उत्तर संयमानेच द्यावे लागेल. स्वित्झर्लंडमधील बर्न येथे आरंभीच्या अवस्थेतील 40 रुग्णांचा अभ्यास झाला. सर्वांची सफाई केल्यावर निम्म्यांना प्रकाशोपचार, तर उरलेल्यांना मिनोसायक्लिन हे प्रतिजैविक जागेवर देण्यात आले. 2013 व 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन्ही गटांत सूज सारखीच कमी झाली; मात्र ती पूर्णपणे जाणे दोन्हींतही नित्याचे ठरले नाही. प्रतिजैविक टाळायचे असेल तेथे या पर्यायाला अर्थ आहे, इतकेच त्यातून म्हणता येते. युरोपीय हिरडीरोग महासंघाच्या 2023 च्या मार्गदर्शक सूचनांनी नित्य उपचार म्हणून त्याची शिफारस केलेली नाही. गेलेले हाड प्रकाशाने परत येत नाही. झीज खोलवर असल्यास हिरडी उघडून शस्त्रक्रिया करावी लागते आणि रोपण हलू लागले असल्यास ते काढावेच लागते.

जबलपूरच्या रिछाई औद्योगिक क्षेत्रातील एखाद्या कामगाराला प्रत्येक फेरीसाठी दिवसाची मजुरी सोडावी लागत असेल, तर प्रकाशोपचारासाठी जादा पैसे मोजण्यापूर्वी सफाई कशी व किती वेळा होणार, हे त्याने विचारणे रास्त होय. दंत महाविद्यालयांच्या हिरडीरोग विभागात दुसरे मत घेता येते. जबलपुरात हितकारिणी दंत महाविद्यालय आहे. नागपूर व मुंबई येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. तंबाखू आणि अनियंत्रित मधुमेह कायम असल्यास कोणत्याही उपचाराचे यश डळमळीत राहते.

रोपण बसविल्यानंतरचे पहिले क्ष-किरण चित्र रुग्णाने स्वतःजवळ जपून ठेवावे. हाड किती उतरले, हे त्याच्याशी तुलना करूनच नेमके कळते. असे चित्र नसेल, तर 2017 च्या जागतिक परिषदेत ठरलेल्या निकषांनुसार रक्तस्रावासह कप्प्याची खोली 6 मिलिमीटर वा अधिक आणि हाडाची झीज 3 मिलिमीटर वा अधिक आढळल्यावर निदान केले जाते, आणि तोवर पुष्कळसे हाड गेलेले असते.