शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटर

मूल गुटगुटीत म्हणजे घर सुखी, ही आपल्याकडील जुनी समजूत. टंचाईच्या काळात तिला अर्थ होता. आज मात्र परिस्थिती पालटली आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील पाच वर्षांखालील मुलांपैकी जास्त वजनाच्या मुलांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये २.१ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते ३.४ टक्के झाले. आकडा लहान दिसतो, पण वाढ दीडपटीहून अधिक आहे.

या विषयाचे मोलाचे संशोधन पुण्यातच झाले आहे. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत माता व बालकांचा अभ्यास केला. जन्मतः किरकोळ दिसणाऱ्या आपल्या बालकांच्या अंगात चरबीचे प्रमाण तुलनेने जास्त असते, असे त्यांना आढळले. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी स्वतःची तुलना ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांच्याशी केली. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, परंतु चरबी युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. तात्पर्य, आपल्या मुलांच्या बाबतीत केवळ डोळ्यांच्या अंदाजावर विसंबता येत नाही.

यावर उपाय म्हणून नियम झाले आहेत. महाराष्ट्र शासनाने मे २०१७ मध्ये शालेय उपाहारगृहांतून जास्त चरबी, मीठ व साखर असलेले पदार्थ वर्ज्य केले. केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या विनियमांनी शाळेच्या आवारात व फाटकापासून पन्नास मीटरच्या आत अशा पदार्थांच्या विक्रीस मनाई केली. २०२५ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने आपल्या शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावण्यास सांगितले.

मग अडते कोठे? प्रत्येक कामाचे खाते वेगळे आहे. अन्नाची तपासणी राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे, फेरीवाल्यांचे नियमन महापालिकेच्या एका विभागाकडे, पदपथ दुसऱ्याकडे, उद्याने तिसऱ्याकडे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातील शालेय तपासणी शासकीय व अनुदानित शाळांपुरती आहे. आपली बहुतेक मुले ज्या विनाअनुदानित खासगी शाळांत जातात, त्या तिच्या कक्षेबाहेर राहतात. खाती अनेक, पण एकत्रित ताळेबंद कोणीच मांडत नाही.

ॲमस्टरडॅम शहराने २०१२ मध्ये हा ताळेबंद मांडायचे ठरवले. आरोग्य, शिक्षण, क्रीडा आणि नगररचना या विभागांना एका उपमहापौरांच्या देखरेखीखाली एकच उद्दिष्ट देण्यात आले. शाळांत गोड पेयांऐवजी पाणी आले, सार्वजनिक जागी पिण्याच्या पाण्याचे नळ आले. जास्त वजनाच्या मुलांचे प्रमाण २०१२ मधील २१ टक्क्यांवरून २०१५ मध्ये १८.५ टक्के झाले. सारे श्रेय एकट्या योजनेचे नसेलही. तरी दिशा लक्षात घेण्याजोगी आहे.

पुण्यातही पावले पडली आहेत. पोषक अन्नाविषयी पुणे व बर्मिंगहॅम या शहरांत ‘बिंदी’ नावाचे सहकार्य झाले. ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद ठेवून महापालिकेने पादचारी दिन साजरा केला. महापालिका, वाहतूक पोलीस व व्यापारी यांची सांगड बसली, तर भर बाजारपेठेतही मुले मोकळेपणाने चालू शकतात, हे त्या दिवशी दिसले.

आपला संबंध येथेच येतो. किराणा, भुसार, मिठाई, फरसाण, शीतपेयांची एजन्सी यांपैकी काही ना काही आपल्यातील असंख्य कुटुंबांच्या हाती आहे. शाळेजवळचे दुकान अनेकदा आपलेच असते. पन्नास मीटरचा नियम आपण तपासनीस येण्यापूर्वी पाळला, तर त्याला खरे बळ येईल. तेथे भाजलेले चणे-शेंगदाणे, ताक, केळी ठेवली तरी गल्ला रिकामा राहणार नाही. दिवाळीत ‘ना नफा ना तोटा’ तत्त्वावर लाडू-चिवडा पुरवणाऱ्या दि पूना मर्चंट्स चेंबरचे उदाहरण आपल्यासमोर आहेच. शाळांच्या खाऊसाठीही तसा उपक्रम व्हावा. आपल्या संस्थांच्या शाळांनी वर्षातून दोनदा मुलांची उंची व वजन नोंदवून ती माहिती पालकांना गोपनीयपणे द्यावी. नगरसेवकांकडे रस्ता-दिवे मागताना शाळेभोवतीचा पदपथ आणि खेळाचे मैदानही मागावे.

मुलाला जाड म्हणून हिणवू नये, वजनासाठी उपवासही लादू नयेत. आपल्या धर्मात ऊणोदरी हे तप आहे. भुकेपेक्षा दोन घास कमी घेण्याचा तो संयम आहे. चौविहाराचा नियम तर घरोघरी ठाऊक आहे. रात्री दहाला केक कापणाऱ्या घराने मुलांना हे नियम सांगून उपयोग नाही. मोठ्यांनी ते आधी आचरावेत. शासनाच्या खात्यांचा मेळ बसेल तेव्हा बसेल. घर, दुकान आणि शाळा या तीन खात्यांचा मेळ घालणे मात्र आजही आपल्याच हाती आहे.