समुद्रापलीकडची मैत्री आणि गावकुसाबाहेरचा माणूस

राष्ट्राराष्ट्रांत सांस्कृतिक देवाणघेवाण व्हावी, परस्परांना समजून घ्यावे, यासाठी आपल्याकडे ज्या संस्था निघाल्या त्यांचा इतिहास बहुधा पाहुण्यांच्या सत्काराचा आणि अध्यक्षीय भाषणांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. हारतुरे कुणी घातले हे त्यात सापडते; जहाजावर कोण चढला आणि कोण धक्क्यावरच राहिला, हे सापडत नाही. दलित चळवळीच्या अभ्यासकाने हा दुसरा प्रश्न विचारला पाहिजे. कोल्हापुरात बसून तो विचारणे मला अधिक सोपे वाटते.

याचे कारण या गावाला परदेशगमनाची किंमत ठाऊक आहे. १९०२ साली शाहू महाराज बादशहाच्या राज्यारोहणासाठी विलायतेला गेले आणि त्याच वर्षी २६ जुलैला मागासलेल्यांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम करवीर दरबारच्या गॅझेटात निघाला. मार्च १९२० मध्ये कागल जहागिरीतल्या माणगावी अस्पृश्यांची परिषद भरली. तिचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर त्या जुलैत अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करायला लंडनला निघाले, तेव्हा त्यांच्या गाठीला महाराजांची मदत होती. म्हणजे अस्पृश्याने समुद्र ओलांडायचा तर त्याच्या पाठीशी एक दरबार उभा राहावा लागत होता. ज्यांच्यामागे दरबार नाही त्यांचे काय?

या प्रश्नाचे एक उत्तर चाळीस वर्षांनी मुंबईतल्या एका संस्थेकडून आले. ती संस्था म्हणजे इंडो-सोव्हिएत कल्चरल सोसायटी. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून कार्यकर्ते तिला ‘इस्कस’ म्हणत. तिचे मूळ १९४१ मधले. हिटलरने रशियावर स्वारी केली तेव्हा आपल्याकडे ‘सोव्हिएत मित्रसंघ’ निघाले. १९५२ साली मुंबईत सोसायटीची स्थापना झाली. प्रसिद्ध शल्यविशारद डॉ. बाळिगा हे तिचे अध्यक्ष होते. पुढे मॉस्कोत राजदूत राहिलेले के. पी. एस. मेनन यांनी ती धुरा घेतली. सुरुवातीला अशा संस्थेकडे संशयाने पाहिले जाई. जून १९५५ मध्ये नेहरू रशियाला जाऊन आले, वर्षअखेरीस बुल्गानिन आणि ख्रुश्चेव्ह भारतात आले, भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार झाला, आणि कालपर्यंत जे राजकारण होते ते एकदम संस्कृती ठरले. मग डॉक्टर, वकील, प्राध्यापक मंडळी व्यासपीठावर येऊ लागली. चित्रपट, प्रदर्शने, रशियन भाषेचे वर्ग, स्वस्त पुस्तके असा कार्यक्रम. मराठीत छापलेली सोव्हिएत पुस्तके इतक्या कमी किमतीत मिळत की वसतिगृहातला मुलगाही ती विकत घेऊ शके. रशियाहून येणाऱ्या मासिकांचा गुळगुळीत कागद वह्यांना कव्हरे घालण्याच्या कामी आला, हेही सांगितले पाहिजे.

पण संस्थेच्या पहिल्या दशकातली सर्वांत मोठी गोष्ट घडली ती १९६१ मध्ये. तिच्या निमंत्रणावरून अण्णाभाऊ साठे रशियाला गेले. वाळवे तालुक्यातले वाटेगाव हे त्यांचे गाव कोल्हापूरहून कराडकडे जाणाऱ्या रस्त्यापासून फार लांब नाही. माणगाव परिषद झाली त्याच १९२० सालच्या १ ऑगस्टला मांगवाड्यात त्यांचा जन्म झाला. शिक्षण दीड दिवसाचे. वाटेगाव ते मुंबई हा प्रवास पायी. हमाली, गिरणी, माटुंग्याचा लेबर कॅम्प, लाल बावटा कलापथक ही त्यांची विद्यापीठे. रशिया डोळ्यांनी पाहण्याच्या कितीतरी आधी, १९४३ साली, त्यांनी स्टालिनग्राडचा पोवाडा रचला होता. डॉक्टर-वकिलांनी मैत्रीचे ठराव केले. या माणसाने ती डफावर थाप मारून गिरणगावात नेली. तेव्हा त्यांना रशियाला पाठवून सोसायटीने उपकार केले, अशी भाषा कुणी करू नये. देणे होते, ते फेडले.

‘माझा रशियाचा प्रवास’ हे त्यांचे पुस्तक मराठी प्रवासवर्णनांच्या रांगेत वेगळे पडते. आपले बहुतेक प्रवासी परदेशात गेले ते स्वयंपाकघर सोबत घेऊन. अण्णाभाऊंना सोबत न्यायला काही नव्हते. कष्टकऱ्याचे राज्य म्हणतात ते कसे दिसते, हे पाहायला ते गेले.

त्यांना ‘महाराष्ट्राचा गॉर्की’ म्हणण्याची चाल पडली आहे. ती मला खटकते. गॉर्की दारिद्र्यातून आला हे खरे. पण पाणवठ्यावर त्याची सावली कुणी मोजली नव्हती. ‘फकिरा’ ही कादंबरी अण्णाभाऊंनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली, गॉर्कीच्या नव्हे.

आणि इथेच त्या मैत्रीची मर्यादा दिसते. मॉस्को आणि मुंबई यांच्यामधले अंतर कमी करणाऱ्या मंडळींना गाव आणि महारवाडा यांच्यामधले अंतर सांस्कृतिक प्रश्न वाटला नाही. वर्ग बदलला की जात आपोआप जाईल, हा त्यांचा भरवसा होता. पाहुण्या देशातले दोषही त्यांनी झाकले. १९५६ साली ख्रुश्चेव्हने स्वतःच स्टालिनच्या अत्याचारांचा पाढा वाचला, त्याच वर्षी हंगेरीत रणगाडे घुसले. मासिकांतले शेतकरी मात्र पूर्वीसारखेच हसत राहिले.

बाबासाहेबांनी जगाशी नाते जोडले ते दुसऱ्या वाटेने. १९४६ साली त्यांनी अमेरिकेतील निग्रो विचारवंत डु बॉइस यांना पत्र लिहून, निग्रोंनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या. १९५० मध्ये सिंहलद्वीपात जागतिक बौद्ध भ्रातृसंघाची स्थापना झाली, त्या परिषदेला ते हजर होते. त्याच वर्षी ९ डिसेंबरला इथे बिंदू चौकात भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने फुले आणि आंबेडकर यांचे पुतळे उभे राहिले. नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूच्या बौद्ध परिषदेत बाबासाहेब बुद्ध आणि मार्क्स यांच्यावर बोलले. पीडिताने पीडिताला शोधावे, मध्ये दूतावास नको, ही ती रीत. १९७२ मध्ये आमच्या तरुणांनी ‘पँथर’ हे नाव अमेरिकेतल्या काळ्या तरुणांकडून घेतले तेही कुठल्या मैत्रीसंघाला न विचारता.

तरीही सोसायटीचा मार्ग मी मोडीत काढणार नाही. बाबासाहेबांच्या मार्गाला मोठी विद्या लागत होती. अण्णाभाऊंसारख्या, इंग्रजीचा गंध नसलेल्या लोकशाहिरासाठी आपल्या विद्यापीठांनी की साहित्य परिषदांनी परदेशाचे दार उघडले असते, असे मला वाटत नाही. ते उघडले या संस्थेने.

१९९१ अखेर सोव्हिएत संघराज्य विसर्जित झाले आणि मराठीतली ती स्वस्त पुस्तके यायची थांबली. सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोतील परकीय साहित्याच्या ग्रंथालयात अण्णाभाऊंचा पुतळा बसवण्यात आला. अनावरणाला महाराष्ट्राचे उपमुख्यमंत्री गेले होते. पुतळ्याला ग्रंथालय मिळाले याचे मला समाधान आहे. त्याच्या शेजारच्या फडताळात त्यांच्या कादंबऱ्या असाव्यात, एवढे पाहण्याचे काम आता आपल्या अनुवादकांचे.