इंटरनेटचे व्यसन आणि त्याचे शिल्पकार

‘व्यसन’ या शब्दाचा संस्कृतातील एक जुना अर्थ ‘संकट’ असा आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे आठवे अधिकरण याच विषयाला वाहिलेले असून, राज्यावर येणारी अरिष्टे आणि माणसाला जडणाऱ्या वाईट खोडी या दोहोंचा विचार तेथे त्या एकाच शब्दाखाली केलेला आहे. द्यूत ही त्या खोडींपैकी एक होय. त्याच ग्रंथात अन्यत्र द्यूतावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याची कर्तव्ये सांगितली आहेत. खेळणारांस शुद्ध फासे पुरविणे हे त्याचे काम, आणि फासे बदलून कपटाने खेळणारास दंड. तात्पर्य, खेळणाऱ्याच्या मोहाबरोबर फाशांचीही परीक्षा झाली पाहिजे, हे आपल्या पूर्वजांस ठाऊक होते. सांप्रत मोबाइल व इंटरनेट यांच्या नादाविषयी घरोघरी चिंता वाहिली जाते. परंतु बोल लावावयाचा तो बहुधा खेळणाऱ्या मुलालाच. प्रस्तुत लेखात फाशांचा विचार करावयाचा आहे.

प्रथम या नादाला व्यसन म्हणावे की काय, ते पाहू. जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या आपल्या अकराव्या वर्गीकरणात संगणकावरील खेळांच्या अनावर नादाला विकार म्हणून स्थान दिले असून ते वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून अमलात आले. त्याची मुख्य लक्षणे तीन. खेळण्यावर स्वतःचा ताबा न राहणे. अन्य सर्व कामांपेक्षा खेळ मोठा वाटू लागणे. आणि हानी होत आहे हे दिसत असूनही खेळ चालूच राहणे. ही स्थिती साधारणतः बारा महिने टिकली तरच तो विकार मानावा, असाही दंडक आहे. यावरून दोन गोष्टी ध्यानात येतील. मूल चार दिवस मोबाइलमध्ये रमले म्हणून ते व्यसनी ठरत नाही. आणि सबंध इंटरनेटच्या वापराला या वर्गीकरणात स्वतंत्र रोग म्हटलेले नाही. तथापि ताबा सुटणे म्हणजे काय, याचा अनुभव रोगाच्या पायरीपर्यंत न पोहोचलेल्या पुष्कळांस आहे. बेंगळुरू येथील निमहान्स या संस्थेने सन २०१४ मध्ये अशा तक्रारींसाठी एक स्वतंत्र उपचारकेंद्र उघडले, यावरून प्रश्नाची निकड दिसून येते.

आता हा ताबा सुटतो कसा? याचे उत्तर शोधण्यास स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगांकडे वळावे लागते. त्याने उंदीर व कबुतरे यांना पेटीत ठेवून, कळ दाबली अथवा टोचा मारला की दाणा मिळावा अशी योजना केली होती. फर्स्टर या सहकाऱ्यासमवेत सन १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्याने एक विलक्षण गोष्ट नमूद केली. ठराविक इतक्या टोचांनंतर दाणा मिळत असेल, तर कबुतर दाणा खाऊन काही वेळ स्वस्थ राहते. परंतु दाणा कधी तिसऱ्या टोचेला, कधी विसाव्या टोचेला, असा अनियमित मिळू लागला, म्हणजे ते जवळजवळ विसावा न घेता टोचा मारीत राहते. आणि दाणा मुळीच बंद केला तरी त्याची आशा लवकर सुटत नाही. जुगाराच्या यंत्रांचे बळ याच तत्त्वात आहे. नताशा डाऊ शुल या विदुषीने लास व्हेगास येथील जुगाऱ्यांचा अभ्यास करून सन २०१२ मध्ये ग्रंथ लिहिला. त्यात असे दिसते की पुढे पुढे त्या जुगाऱ्यांना जिंकण्याचीही फारशी चाड उरत नाही. यंत्रापुढे बसून राहणे हेच त्यांचे सुख होऊन बसते.

वाचकांनी आपल्या हातातील मोबाइलकडे याच दृष्टीने पाहावे. पडदा बोटाने वर सरकविला की नवे चित्र येते. ते कधी रंजक, कधी नीरस. पुढचे कसे असेल हे कोणास ठाऊक! मित्रांनी आपले छायाचित्र पसंत केले की नाही, हेही असेच अनिश्चित. फेसबुकने पसंतीची ती खूण सन २००९ मध्ये प्रचारात आणली. त्या कंपनीचे पहिले अध्यक्ष शॉन पार्कर यांनी सन २०१७ मध्ये जाहीरपणे सांगितले की मानवी मनाच्या एका दुबळेपणाचा लाभ घेण्यात आला आणि करणारांस त्याची जाणीव होती.

दुसरी युक्ती याहूनही साधी आहे. पूर्वी संकेतस्थळाचे पान संपले की पुढच्या पानासाठी कळ दाबावी लागे. तेवढ्या क्षणात ‘आता पुरे’ असा विचार मनात येण्यास अवकाश मिळे. आझा रास्किन या रचनाकाराने सन २००६ मध्ये ती कळच काढून टाकणारी रचना केली. पान सरकवीत जावे, ते संपतच नाही. वापरणाऱ्याचे श्रम वाचावेत, हा तीमागचा हेतू. पुढे त्याच रास्किन यांनी या रचनेविषयी उघडपणे खेद व्यक्त केला. एक चित्रफीत संपताच दुसरी आपोआप सुरू होणे, हे याच रचनेचे भावंड होय.

हे सर्व कशासाठी, असे कोणी विचारील. यातील बहुतेक सेवा फुकट मिळतात. त्यांचे उत्पन्न जाहिरातींतून येते, आणि माणूस जितका अधिक वेळ पडद्यापुढे, तितक्या अधिक जाहिराती त्याच्यापुढे. हर्बर्ट सायमन या विद्वानाने सन १९७१ मध्येच दाखवून दिले होते की माहितीची समृद्धी झाली म्हणजे अवधानाचे दारिद्र्य येते. त्या दुर्मिळ झालेल्या अवधानाचाच हा व्यापार आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. चांगला कादंबरीकार वाचकाला खिळवून ठेवतो, कीर्तनकार श्रोत्यांना रात्रभर जागवितो. मग त्यांनाही दोष द्यावा काय? आक्षेप विचारार्ह आहे, परंतु भेद स्पष्ट आहे. पोथीचा अध्याय समाप्त होतो, कीर्तनाची आरती होते. शिवाय वाचक पुस्तक वाचतो. पुस्तक वाचकाला वाचीत नाही. मोबाइलमधील यंत्रणा मात्र आपण कोठे थबकलो, काय टाळले, कोणत्या वेळी परतलो, याची नोंद ठेवून त्यानुसार पुढचा घास वाढते. एकीकडे एकटे मूल आणि दुसरीकडे शेकडो निष्णात अभियंते, असा हा सामना आहे. ‘बंद करावयाचे त्याच्याच हाती आहे’ एवढे म्हणून शिल्पकाराला आपले हात झटकता येणार नाहीत. मुलाच्या वाट्याची जबाबदारी खरी. परंतु तिच्यामुळे शिल्पकाराची जबाबदारी रतीभरही कमी होत नाही.

मग योग्य रचना कोणती व अयोग्य कोणती? प्रस्तुत लेखकाच्या मते तीन प्रश्नांनी तिची पारख होईल. आपण कोणती युक्ती योजिली आहे, हे वापरणाऱ्याला उघड सांगण्यास रचनाकार तयार आहे काय? सुरू करणे जितके सोपे, तितकेच थांबणे सोपे ठेवले आहे काय? आणि ती वस्तू स्वतःच्या मुलाच्या हाती तो निःशंक मनाने देईल काय? हा विचार त्या व्यवसायातही उमटला आहे. गूगलमधील ट्रिस्टन हॅरिस यांनी सन २०१३ मध्ये, वापरणाऱ्याच्या अवधानाचा मान राखावा, अशी विनंती सहकाऱ्यांपुढे मांडली. कायदाही याकडे पाहू लागला आहे. चित्रफिती पाहण्याबद्दल गुण व बक्षिसे देण्याची टिकटॉकची एक योजना युरोपीय संघाच्या आक्षेपानंतर सन २०२४ मध्ये त्या देशांतून मागे घ्यावी लागली.

परंतु कायद्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने सन २०२२ मध्ये एक सोपा उपाय योजिला. सायंकाळी सात वाजता भोंगा वाजावा, आणि दीड तास घरोघरी दूरदर्शनसंच व मोबाइल बंद ठेवून मुलांनी अभ्यास, वाचन करावे. रचनाकाराने काढून टाकलेला थांबा गावाने एकमताने परत बसविला, हे या उपायाचे मर्म होय. घरातही हे साधेल. जेवणाच्या वेळी व निजताना मोबाइल ठेवण्याची एक जागा ठरवावी, अनावश्यक सूचनांचे आवाज बंद करावेत, आणि हा नियम वडील मंडळींनी आधी पाळावा. बापाच्या हाती मोबाइल असताना मुलाला केलेला उपदेश पालथ्या घड्यावर पाणीच ठरावयाचा.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी कित्येकजण उद्या अभियंते व्हाल. हे फासे घडविण्याचे काम तुमच्या हाती येईल. लोक अधिक वेळ अडकून राहतील अशी रचना करा, असे कोणी तुम्हांस सांगेल आणि त्याचे वेतनही भरपूर देईल. त्या दिवशी वरील तीन प्रश्न स्वतःस विचारावेत, आणि उत्तर नकारार्थी आल्यास तसे स्पष्ट सांगण्याचे धैर्य दाखवावे. ते धैर्य ऐन वेळी अंगी येत नाही. ज्याला आज स्वतःच्या हातातील यंत्र वेळेवर खाली ठेवता येते, त्यालाच उद्या दुसऱ्याच्या वेळेची किंमत कळेल.