‘मामा चांगले नाहीत’

चार वाजले की आमच्या ओट्यावर धप्पकन दप्तर आपटल्याचा आवाज यायचा. पाठोपाठ दप्तराची मालकीण. दुसरीतली पोर. तिचं खरं नाव लिहिणार नाही, आपण तिला चिमी म्हणू. ही २०१९ सालची गोष्ट. आमचं गाव लातूरकडचं, तालुक्याचं. चिमीचा बाप वारलेला, आई डाळ मिलमध्ये कामाला. ती घरी यायची साडेसात-आठला. तोवर पोरीने शेजारच्या खोलीतल्या मामांकडे बसायचं, अशी सोय होती.

मामा म्हणजे अख्ख्या गल्लीचे मामा. गॅसचा नंबर लावायचा असो की कुणाला दवाखान्यात न्यायचं असो, पहिले धावणार तेच. पोरांसाठी खिशात कायम गोळ्या. पण चिमी त्यांच्याकडे न जाता आमच्याच ओट्यावर रेंगाळायची. मला वाटायचं, माझ्या हातचा चिवडा आवडतो पोरीला!

एक दिवस मी मेथी निवडत होते. ती काड्या वेगळ्या करत होती. मधेच म्हणाली, ‘काकू, मामा चांगले नाहीत.’

मी मान वर न करता म्हणाले, ‘असं मोठ्या माणसांबद्दल बोलू नये गं. किती लाड करतात तुझे!’

ती गप्प झाली. मेथीच्या काड्या नीट गोळा करून सुपात ठेवल्या आणि निघून गेली. मैत्रिणींनो, मी दोन मुलं वाढवली, वीस वर्षं शिकवणी घेतली, पण माझ्या तोंडून गेलेलं याहून वाईट वाक्य मला आठवत नाही.

पुढे महिनाभर ती काही बोलली नाही. फक्त दिवे लागले की विचारायची, ‘काकू, इथेच झोपू?’ मग एकदा तिची आई तक्रार घेऊन आली. ‘ताई, एवढी घोडी झाली, पुन्हा अंथरूण ओलं करायला लागलीय. काल लई मारलं मी.’ पोरीच्या पोटरीवर वळ होते. ते वळ बघताना मला मेथीची दुपार आठवली आणि पोटात गोळा आला.

दुसऱ्या दिवशी मी तिला आत घेऊन बसले. म्हटलं, ‘त्या दिवशी तू मामांबद्दल सांगत होतीस. मी नीट ऐकलं नाही, माझं चुकलं. आता ऐकते.’ बराच वेळ ती परकराची नाडी बोटाला गुंडाळत राहिली. मग सांगितलं. ते इथे लिहायचं कारण नाही. मी एवढंच म्हणाले की सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी काही चूक नाही. ‘कुणाला सांगू नका हं,’ म्हणाली. तसं वचन मात्र मी दिलं नाही. देता येत नाही.

रात्री आमच्याकडे वादळ. ‘पोरीचं नाव खराब होईल, उद्या लग्नाला अडचण,’ इति हे. शेजारीण म्हणाली, ‘झाकली मूठ सव्वा लाखाची.’ सगळ्यात जास्त घाबरली ती चिमीची आई. ‘ताई, खोली त्यांच्या ओळखीनं मिळाली. खोली गेली तर पोरीला घेऊन कुठं जाऊ?’ याला माझ्याकडेही उत्तर नव्हतं. पण म्हटलं, खोलीचं बघू, पोर आधी. आणि १०९८ लावला.

हा नंबर मुलांच्या मदतीसाठी आहे. फुकट लागतो, रात्रीबेरात्री लागतो. तेव्हा तो चाइल्डलाइन ही संस्था चालवायची, २०२३ पासून सरकारकडे आहे. पलीकडच्या मुलीने शांतपणे विचारलं, मूल कुठे आहे, वय काय, आत्ता सुरक्षित आहे का. मग माणसं घरी आली. चिमीचा जबाब आमच्याच स्वयंपाकघरात झाला. पोलीसबाई पंजाबी ड्रेसमध्ये आल्या होत्या, चिमीला शेवटपर्यंत त्या शाळेतल्या बाईच वाटल्या. ही काही त्यांची मेहेरबानी नव्हे बरं का! पॉक्सो कायदा २०१२ चा. मुलाला जिथे बरं वाटेल तिथे जबाब घ्यायचा, गणवेश घालायचा नाही, रात्री मुलाला पोलीस ठाण्यात ठेवायचं नाही, मुलीची तपासणी बाई डॉक्टरनेच करायची, हे सगळं त्यात लिहिलेलं आहे. आणि कळूनही न कळवणं हासुद्धा त्यात गुन्हा आहे. ‘झाकली मूठ’वाल्या शेजारणीला हे सांगितलं, तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

त्या संक्रांतीला दोन घरांतून हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही. एक बाई मात्र नळावर माझा हात घट्ट धरून उभी राहिली. बोलली काहीच नाही. तिला मुलगा आहे, नऊ वर्षांचा. केंद्र सरकारने २००७ मध्ये तेरा राज्यांतल्या बारा हजारांवर मुलांची पाहणी प्रसिद्ध केली होती. लैंगिक छळाला सामोरं गेल्याचं सांगणारी मुलं निम्म्याहून जास्त निघाली, आणि त्यांत मुलगे मुलींपेक्षा थोडे अधिकच होते. त्रास देणाऱ्यांतले निम्मे तरी मुलांच्या ओळखीचे. ‘मुलाला काय होतंय!’ म्हणून आपण मुलग्यांना विचारतसुद्धा नाही.

मधे कोरोना आला, तारखा लांबल्या. चिमीची साक्ष आरोपी दिसणार नाही अशी पडद्याआड झाली. २०२२ मध्ये मामांना शिक्षा झाली.

पण मला त्यापेक्षा जास्त बोलायचंय ते चिमीच्या आईबद्दल. गल्ली तिलाच नावं ठेवत होती, ‘पोरीला वाऱ्यावर सोडते.’ अहो, बारा तास उभं राहून डाळ निवडणाऱ्या बाईने पोर ठेवायची कुठे? चार वाजता ती पोर ओट्यावर एकटी बसते, हे आम्ही सगळ्या रोज बघत होतो. मग चार घरांनी वार वाटून घेतले. सोमवार-मंगळवार माझे. बालकल्याण समितीपुढे गेल्यावर कळलं की बाप गेलेल्या मुलांना बालसंगोपन योजनेतून दरमहा पैसे मिळतात. आता ते २,२५० रुपये आहेत, अर्ज जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात करायचा. समितीवरच्या बाई तिच्याशी मारण्याबद्दलही बोलल्या, पण ओरडून नाही. खोली तिने बदलली. आमच्या मागच्या बोळात राहते. अंथरूण ओलं होणं वर्षभरात थांबलं.

चिमी आता हायस्कुलात आहे. अजूनही दाराकडे पाठ करून बसत नाही.

परवा आमच्याकडे लांबचे पाहुणे आले होते. नातवाला जवळ ओढून म्हणाले, ‘एक पापी दे बघू आजोबांना.’ तो सुनेच्या मागे लपला. सून सवयीने म्हणाली, ‘दे रे, असं करू नये.’

मी म्हटलं, ‘राहू दे. नमस्कार करेल तो.’

पाहुण्यांचा चेहरा जरा उतरला. चहा मात्र दोनदा घेतला त्यांनी.